पट्टा ढिला होता म्हणे

संशोधन हा शब्द ऐकला की हल्ली मला शिसारी येते. मी स्वतः इंजिनिअरिंग कॉलेजात बिनतारी संदेशवहन शिकवते. अँटेना, सर्किटं आणि बॅटऱ्या यांच्यात माझी निम्मी हयात गेली, आणि सोल्डरिंगचा वास आला की आजही मला बरं वाटतं. तेव्हा शिसारी कामाची नाही. कामावर घोंगावणाऱ्या माश्यांची आहे. या माश्यांनी पारनेर तालुक्यातल्या एका बाळंतिणीवर आळ घेतला, तो मानाने छापून आणला, आणि त्या आळापायी तिचं लेकरू तिच्या मांडीवरून उचललं गेलं. मी हे सगळं जवळून पाहिलं. त्याबद्दल गोड बोलायला मला जमणार नाही.

आमचं कॉलेज उसाच्या रानात उभं आहे. कमान अशी, की एखाद्या देवस्थानाला शोभावी. आत गेलं की प्रयोगशाळेतल्या निम्म्या यंत्रांवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी. दर काही वर्षांनी बाहेरून तपासणी समिती येते. ती यायच्या आधी फुलांच्या कुंड्या भाड्याने येतात, भिंतींना रंग लागतो आणि प्राध्यापकांना पेपर काढायचा हुकूम सुटतो. पेपर म्हणजे शोधनिबंध. काय शोधलं हे कुणी विचारत नाही, किती काढले ते विचारतात. सिव्हिलच्या एका सरांनी मधुमेहावर पेपर काढला. त्यांना स्वतःला मधुमेह आहे, एवढाच त्यांचा त्या विषयाशी संबंध. एकाचा पेपर दुसऱ्याने उचलायचा, तिसऱ्याने त्यातले शब्द फिरवायचे, चौथ्याने वर आपलं नाव घालायचं. लग्नातल्या आहेराच्या भांड्यासारखं ते या घरून त्या घरी फिरत राहतं आणि त्यात कुणीच कधी काही शिजवत नाही.

आमचे विभागप्रमुख या धंद्यात मुरलेले. “मॅडम, इंजिनिअरिंग, वायरलेस आणि मेडिकल, तिन्ही एका पेपरात आलं ना, की समिती खूश,” असं ते मला म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात बडीशेप होती आणि तिचे कण माझ्या टेबलावर उडत होते. मी त्यांच्या देखत फडक्याने टेबल पुसलं. त्यांना काही वाटलं नाही.

माझ्याकडे खरं काम होतं, हेच माझं दुर्दैव. नगरच्या एका रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ माझ्याकडे आले होते. कमी वजनाची बाळं थोडी सावरली की घरी जातात, आणि घरी गेल्यावर त्यांना ताप भरला तर तो कळेपर्यंत फार उशीर होतो, असं त्यांचं म्हणणं. एवढ्याशा जिवाचा ताप म्हणजे सर्दी-खोकल्याचा ताप नव्हे. जंतू रक्तात गेले असतील, तर तास-दोन तासांवर जीव अवलंबून असतो. ते म्हणाले, “मला फक्त वेळेवर कळवणारं काहीतरी द्या.” माणूस प्रामाणिक होता, पण कामाने पिचलेला होता. त्यांच्या डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं असत.

मी पट्टा बनवला. बाळाच्या दंडाला बांधायचा मऊ सुती पट्टा, त्याला काखेत बसेल अशी छोटी चकती. ती चकती अंगाची ऊब मोजायची आणि खोलीतल्या एका डबीला बिनतारी कळवायची. डबीत मोबाईलचं सिमकार्ड. ऊब मर्यादेबाहेर गेली की डबी घरात जोरात वाजायची आणि डॉक्टरांच्या फोनवर निरोप जायचा. पट्टा आणि डबी माझी. डबीतला प्रोग्रॅम, म्हणजे कधी वाजायचं आणि कधी गप्प बसायचं हे ठरवणारा भाग, विभागप्रमुखांनी स्वतःकडे ठेवला, कारण पेपरात त्यांचं नाव पहिलं लागणार होतं आणि पहिल्या नावाला काहीतरी काम दाखवावं लागतं.

पट्टे बांधायला मी पारनेरकडच्या गावांत स्वतः फिरले. तिकडे दगडी भिंतींची जाडजूड घरं, चढ-उताराचं रान, मोबाईलला रेंज कधी आहे कधी नाही. एका घरी डबी मुकी झाली म्हणून मी धावत गेले, तर घरच्यांनी ती भिंतीतल्या देवळीत देवाशेजारी ठेवून तिला हळदकुंकू वाहिलेलं. चांगल्या जागी ठेवली, एवढाच त्यांचा विचार. हातभर जाडीच्या भिंतीतून रेंज कशी यावी! मी ती खिडकीत आणून ठेवली, तर आजोबा म्हणाले, “खिडकीत मांजर येतं, मॅडम.” शेवटी छताच्या लोखंडी पाईपला टांगली. असल्या कामात मला फार मजा यायची, हे सांगायलाच हवं, कारण पुढे मजेचं काही नाही.

ती पोर मला पहिल्या दिवसापासून लक्षात राहिली. वय विशीच्या आसपास, बारकी चण, बारावी झालेली. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. मुलगी झाली होती, कमी वजनाची. नवरा कंपनीत कामाला, सुपा एमआयडीसीत. घरात सगळा कारभार सासूचा. सासू आवाजाने मोठी, हाताला उदार. मला बघताच तिने भाकरी थापायला घेतली. मी ‘मावशी, नको’ म्हणाले तर म्हणाली, “यंतर बांधायला आलाय तर उपाशी बांधणार व्हय?” पट्टा कसा बांधायचा ते मी त्या पोरीला दाखवलं. करंगळी आत जाईल, अंगठा जाणार नाही, एवढा घट्ट. तिने मला तिथेच तीन-चारदा सोडून, बांधून दाखवला. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते, पण इतकं लक्ष देणारं पोर माझ्या वर्गात क्वचित येतं.

आता शेकाविषयी सांगायला हवं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला सकाळी तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून शेक देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा, बाळंतशेपा टाकायचा आणि त्या धगीवर, त्या धुरात बाळाला धरायचं. डॉक्टर कितीही ओरडोत, ते घरोघर चालतं. माझ्या बाळंतपणात मीही ते सोसलं आहे. शेगडीपाशी डोळे चोळत बसायचे आणि मनात आईला शिव्या द्यायचे. त्यामुळे पट्टे सुरू झाल्यावर दररोज सकाळी काय होणार हे मला ठाऊक होतं. बाळाला शेक द्यायला लागलं की चकती तापायची, आकडा उसळायचा आणि डबी बोंब ठोकायची. एकाच वेळी पंधरा गावांतून डॉक्टरांच्या फोनवर धोका, धोका, धोका. घरचे लोकही वैतागले. या सासूने तर डबीवर पातेलं उपडं घातलं होतं.

मी विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हणाले, “सर, डबीलाही एक चकती लावू. ती बाजेला बांधायची. बाजेपाशी धग असेल तर तो शेक, आणि बाजेपाशी गार असून बाळच तापलं असेल तर तो ताप. सोपं आहे.”

“म्हणजे सगळं पुन्हा बसवायचं?” ते म्हणाले. “परिषद तोंडावर आली, मॅडम. बघू.”

आमच्या कॉलेजात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. पण काही दिवसांनी डब्या सकाळच्या वाजेनाशा झाल्या. डॉक्टरांचा फोन आला, खूश होते, “छान झालं हो, आता झोप लागते.” मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “ट्यूनिंग केलं.” काय ट्यूनिंग केलं ते दाखवा म्हटलं, तर प्रोग्रॅम त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे, विद्यार्थी गावी, गावी त्याच्या चुलतभावाचं लग्न. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा सांभाळत होते. मागे लागूनही मला तो प्रोग्रॅम मिळाला नाही.

एका दुपारी त्या पोरीचा फोन आला. डबी बिघडली तर म्हणून माझा नंबर सगळ्या घरी दिलेला होता. आवाज इतका बारीक की मला आधी कोण बोलतंय तेच कळेना.

“मॅडम, डबी बिघडली का बघायचं हुतं.”

“का गं? काय झालं?”

“काय न्हाई. गप हाय ती. पर बाळ दूध वढंना सकाळधरनं. निपचित पडून हाय. आत्याबाई म्हनत्यात, डबी गप हाय म्हंजी बरं हाय.”

मी म्हटलं, डबीचं सोड, आहे तशी बाळाला घेऊन निघ, मी डॉक्टरांना सांगते. नवऱ्याला कंपनीतून यायला वेळ लागला असता, म्हणून शेजारच्याच्या दूध वाहणाऱ्या टेम्पोत बसून सासू आणि ती नगरला गेल्या. बाळाला तापच होता, आणि जंतू रक्तात गेलेले होते. ते कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होतं. वाचलं. वाचलं हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण जिची मला किळस येते ती गोष्ट त्याच्या पुढची आहे, आणि ती वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागलेला मला नको आहे.

त्याच संध्याकाळी मी गावाहून परतलेल्या विद्यार्थ्याला गाठून प्रोग्रॅम उघडायला लावला. आत एक नियम होता. आकडा एकदम वर गेला तर तो शेक समजायचा, आणि आकडा परत खाली येईपर्यंत वाजायचं नाही. बस, एवढंच. शेक असेल तर तासाभरात आकडा खाली येतो. ताप खाली येत नाही. म्हणजे बाळाचा ताप जितका टिकेल तितकी डबी गप्प बसणार होती. मी त्या घरच्या डबीने पाठवलेल्या आकड्यांचा आलेख पडद्यावर काढला. सकाळी रेघ एकदम वर चढलेली आणि बाळाला घराबाहेर नेईपर्यंत तिथेच बसलेली. डबीला सगळं कळत होतं. तिला फक्त बोलू नको म्हणून सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो आलेख घेऊन विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचं जेवण नुकतंच झालं होतं. स्टेपलरची पिन सरळ करून ते दात कोरत होते. मी सगळं सांगितलं. ते पिन चालवत ऐकत राहिले, मग पिनेच्या टोकाकडे बघून ती कागदाला पुसली आणि म्हणाले, “एक केस आहे मॅडम. एका केसने काय होतं? आउटलायर म्हणून काढून टाकू.”

आउटलायर म्हणजे रांगेबाहेर पडलेला आकडा, बाकीच्यांशी न जुळणारा. त्या आकड्याला दोन डोळे होते आणि मी त्याच्या दंडाला हात लावलेला होता. मी म्हटलं, “सर, नियम आज काढा. बाकीच्या बाळांच्या घरी तोच प्रोग्रॅम आहे.”

“परिषद झाली की काढू. आत्ता काढला तर सकाळचे खोटे अलार्म परत येतील, निकाल खराब दिसेल.”

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, विद्यार्थ्याला गाडीत घातलं आणि घरोघर जाऊन डब्यांतला तो नियम उडवला. सकाळी डबी वाजली तर वाजू दे, शेक झाल्यावरही वाजत राहिली तर मात्र निघायचं, असं प्रत्येक बाईला बजावून सांगितलं. विभागप्रमुखांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. तेवढीच मला शांतता मिळाली.

पण तोवर घाण झाली होती. डॉक्टरांनी सरांना फोन करून विचारलं होतं, की डबी का वाजली नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सर म्हणाले, “आईने पट्टा ढिला बांधला असणार.” डॉक्टरांनी विश्वास ठेवला, त्यांच्याकडे शहानिशा करायला वेळ कुठे होता? त्यांनी काचेच्या पेटीपाशी उभ्या नवऱ्याला आणि सासूला तेच सांगितलं. पट्टा ढिला होता. म्हणजे आईची हयगय.

पट्टा ढिला असता तर काय झालं असतं, हे माझ्या दुसऱ्या वर्षाच्या नापास पोरालाही सांगता येईल. चकती काखेतून सुटली की तिला अंगाची ऊब मिळत नाही, आकडा खाली पडतो. इथे आकडा दिवसभर वर होता. पट्टा नीट बांधलेला होता म्हणूनच तो वर होता. मी डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, “तुमचे सर तर वेगळंच म्हणाले. तुम्ही आपसात ठरवून काय ते मला कळवा.” जणू हा हॉटेलात चहा घ्यायचा की कॉफी असा प्रश्न होता.

परिषद शिर्डीत होती, एका चकचकीत हॉटेलात. नाव इतकं लांब की बॅनरच्या तीन ओळी भरल्या होत्या. इंजिनिअरिंग, बिनतारी, वैद्यक, व्यवस्थापन, शाश्वत विकास, सगळं एकाच भाजीत. पाहुणे लांबून आले होते. त्यांचा पहिला प्रश्न, “दर्शनाचं कसं केलंय?” दुसरा, “प्रमाणपत्र आज मिळेल ना?” दर्शनाला माझी ना नाही. बाबांच्या दारात मीही हात जोडते. पण मग सरळ यात्रा काढा, तिला परिषद कशाला म्हणता? एकेकाला दहा मिनिटं. वाचणारा खाली मान घालून वाचतो, ऐकणारा खाली मान घालून मोबाईल बघतो. मागच्या रांगेत कुणीतरी पेढ्याचा पुडा फोडला होता आणि तो खुर्च्यांमधून पुढे सरकत येत होता.

आमचा नंबर आला. सरांनी पडद्यावर सुंदर आलेख दाखवले, सगळ्या रेघा तांदळासारख्या निवडलेल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात वाक्य होतं: मातेने पट्टा योग्य प्रकारे न बांधल्यामुळे एक बालक अभ्यासातून वगळण्यात आले. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलंही, पुढे हसून म्हणाले, “ग्रामीण भागात काम करताना अशिक्षितपणाची अडचण येतेच.” सभागृहात माना डोलल्या. नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर अंगण सारवणाऱ्या बाईला अडाणी ठरवायचं. ती पोर बारावी पास होती.

मी उठून उभी राहिले. “पट्टा घट्ट होता,” मी म्हटलं. “प्रोग्रॅममध्ये चूक होती. ढिला पट्टा कमी आकडा दाखवतो. तुमचा आलेख वरचा आकडा दाखवतोय.”

अध्यक्षस्थानी मार्केटिंग शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली, चष्मा वर केला. “मॅडम, तुम्ही यात सहलेखिका आहात ना? मग हे तुमचं घरातलं भांडण झालं. घरी मिटवा.” सगळे हसले. मग चहा जाहीर झाला आणि सगळे चहाकडे पळाले. दुपारी त्या पेपराला उत्कृष्ट शोधनिबंधाचं पारितोषिक मिळालं. माझंही नाव पुकारलं. मी गेले नाही. सरांनी माझ्या वाटची शालसुद्धा स्वीकारली, दोन शाली दोन खांद्यांवर घालून फोटो काढला. नंतर मी त्या परिषदेला माझं नाव काढा म्हणून तीनदा लिहिलं. उत्तर म्हणून पुढच्या वर्षीचं निमंत्रण आलं.

त्याच आठवड्यात नवऱ्याने मला फोन केला. बिचारा घाबरत बोलत होता. बाळ घरी आलं होतं, पण आईने, म्हणजे त्या सासूने, ते सुनेच्या हाती देणं बंद केलं होतं. “दूध पाजायापुरतं देती, मॅडम. पाजलं की उचलून घेती. म्हनती, हिला साधा पट्टा बांधता आला न्हाई, ही लेकरू काय संभाळनार? आंघोळ न्हाई, झोपवनं न्हाई. ही कायबी बोलत न्हाई. नुसती बसून ऱ्हाती.”

रविवारी मी दोन डब्या आणि एक पट्टा पिशवीत घालून पारनेरची एसटी पकडली. एका डबीत सरांचा नियम होता तसा पुन्हा घातला होता. दुसरीतून काढलेला होता. बाकी दोन्ही सारख्या. भाषणं करून काही होत नाही, हे शिर्डीत कळलं होतं.

सासूने मला बस म्हटलं, पण भाकरी थापली नाही. बाळ तिच्या मांडीवर होतं, अजून मुठीएवढं. पोर कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून उठली नाही.

“मावशी, शेगडी पेटवा,” मी म्हटलं.

“आता? कशाला?”

“पेटवा तर खरं.”

तिने बाळाला शेजारी गोधडीवर ठेवलं आणि शेगडी पेटवली. निखारे लाल झाल्यावर मी माझी बाही वर केली आणि पट्टा त्या पोरीपुढे धरला. “बांध. तेव्हा बांधायचीस तसाच.” ती बिचकली. मग पुढे सरकून तिने तो माझ्या दंडाला बांधला, चकती काखेत नीट बसवली. मी सासूला म्हटलं, “करंगळी घालून बघा.” तिने घातली. “आता अंगठा.” अंगठा जाईना. सासूने तो पुन्हा घालून पाहिला.

मी दोन्ही डब्या जमिनीवर ठेवल्या आणि शेगडीच्या धगीला काख धरून बसले. घाम फुटला, कातडी चरचरायला लागली. “मावशी, आता माझ्या अंगाला ताप आहे असं समजा. पट्टा एकच आहे, घट्ट आहे, आणि दोन्ही डब्यांना एकच निरोप जातोय.” जरा वेळाने एक डबी जी किंचाळली, ती थांबेचना. दुसरी तिच्या शेजारी ढिम्म पडून होती.

“ही गप हाय ती कुठली?” सासूने विचारलं.

“तुमच्या घरात होती तशी. तिला गप्प राहायला आम्ही शिकवलं होतं, शेकाच्या वेळी तुम्हाला त्रास नको म्हणून. तुमच्या सुनेने पट्टा बरोबर बांधला होता. चूक आमच्या कॉलेजची.”

“आन् डाक्टर म्हनला ते?”

“त्यांना खोटं सांगितलं गेलं. पट्टा ढिला होता हे धादांत खोटं आहे.”

“मंग त्यो सायेब कुठं हाय तुमचा? त्याला न्हाई आनला?” तो साहेब तेव्हा बहुधा पुढच्या पेपराचं नाव ठरवत असेल.

डबीच्या आवाजाने गोधडीवरचं बाळ दचकलं आणि रडायला लागलं. पोर अर्धी उठली, हात पुढे झाले. मग सासूकडे बघून ती तशीच परत खाली बसली, हात मांडीत घेऊन. सासूने ते पाहिलं. तिने आधी माझ्या समोरची किंचाळणारी डबी उचलून पदराखाली दाबली आणि सुनेवर खेकसली, “बघत काय बसली? घे की लेकराला! तुझंच हाय न्हवं?”

तिने बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. मी पट्टा सोडून चकती पुसत होते. मला वाटलं, आता ती रडेल, निदान हसेल तरी. तिने बाळाच्या कपाळावर तळवा ठेवला आणि तो तिथून काढेचना.

“मॅडम, त्या दिशी सकाळीच माझ्या हाताला कळलं हुतं,” ती म्हणाली. “अंग कढत लागत हुतं. मी डबीकडं बघितलं, ती गप हुती. म्हनलं, आपल्या हाताला काय कळतंय. मी तुमच्या डबीचं ऐकलं.”